डावं की उजवं, पुढचं की मागचं

स्पेअर पार्टच्या दुकानात दोन गोष्टी कधी मागवाव्या लागत नाहीत, आपोआप साठतात. एक, न खपलेला माल, दुसरी, किस्से. न खपलेला माल वरच्या फळीवर जातो. किस्से मात्र काउंटरवरच राहतात. चहा आला की कुणीतरी एखादा उचलतो, धूळ झटकतो आणि सांगायला लागतो. विशेष म्हणजे, जुना झाला म्हणून कोणी परत करत नाही!

नांदेडला देगलूर नाक्याच्या अंगाला आमचं बेअरिंगचं दुकान आहे. मी दहावीपर्यंत शिकलो, म्हणजे दहावीच्या दारापर्यंत. बेअरिंग मात्र मी कानानं शिकलो. चाकाच्या मधोमध पोलादी कडं असतं, त्यात गोळ्या फिरतात, आणि त्यांच्यावर सगळ्या गाडीचं वजन असतं. गोळ्या झिजल्या की चाक बोलायला लागतं. गिऱ्हाइकानं गाडी आणली की मी शेजारी बसायचो, डोळे मिटायचो, आणि दोन किलोमीटरमध्ये सांगायचो, "पुढचं उजवं!" शेजारच्या गॅरेजमधला सलीमभाई चाक खोलायचा. तेच निघायचं. त्यानंच माझं नाव पाडलं होतं, "कानवाले सेठ."

या कानानं मला नाव दिलं, आणि यंदा याच कानानं माझी झोप उडवली. कारण मामला गिऱ्हाइकाचा नव्हता. माझ्या लेकीच्या गाडीचा होता. सुरुवातीचा किस्सा मात्र चांगल्या दिवसातला सांगतो, म्हणजे माझा रुबाब काय होता हे तुम्हाला कळेल.

* * *

कंधारचे एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आले. गाडीला घोंघों आवाज. त्यांच्याकडच्या मिस्तरीनं पुढची दोन्ही बेअरिंग बदलली होती, तरी आवाज तसाच.

मी गाडीत बसलो. डोळे मिटले. मग त्यांना म्हणालो, "जरा डावीकडं कापा… आता उजवीकडं." गाडी डावीकडं वळवली की वजन उजव्या चाकावर येतं. बेअरिंग गेलेलं असेल तर त्या वेळी आवाज बदलतो. इथं काही बदलेना. खाली उतरून मी टायरवरून उलटा-सुलटा हात फिरवला. टायर करवतीसारखा झिजलेला!

"साहेब, बेअरिंग न्हाई. टायर हाय."

गुत्तेदार लालबुंद. "म्हंजे? दोन बेअरिंग फुकट बदलली का मग?"

"फुकट कशी? आता टायरच हाय हे पक्कं झालं की!"

गडी हसत गेला. सलीमभाई म्हणाला, "सेठ, तुम वकील होना था।"

आता ही टायरची गोष्ट ध्यानात ठेवा. टायरचा आवाज जाड असतो, घोंघों. बेअरिंगचा त्याच्या आत लपलेला असतो, बारीक, खरखर. मांजर आणि कुत्रा एका पोत्यात घातल्यासारखं. ज्याला दोन्ही वेगळे ऐकू येतात, तो कानवाला.

* * *

त्यानंतर महिनाभरानं लातूरहून आमची अर्चना आली, दोन लेकरं घेऊन. सोबत जावई नागेशराव आणि विहीणबाई. नागेशराव तिथं कॉलेजात फिजिक्स शिकवतात. माणूस अतिशय सज्जन; पण प्रत्येक गोष्ट मोजतो. चहात साखर किती चमचे घातली, हेही विचारत नाही, डोळ्यानं मोजतो.

जेवण झाल्यावर म्हणाले, "मामा, गाडीत थोडा आवाज येतोय. लातूरला एका वर्कशॉपमध्ये मशीन आहे. चाकाला सेन्सर लावतात आणि कॉम्प्युटरवर ग्राफ येतो. दाखवणारच होतो, पण म्हटलं…"

"ग्राफ?" मी म्हणालो. "जावईबापू, मशीनला काय कळतंय! हा कान कशाला हाय मग?"

सगळ्यांना गाडीत घातलं. सात सीटची गाडी. मी पुढं, विहीणबाई मागं, लेकरं त्यांच्या मागं. बायपासला गाडी ऐंशीवर गेली. मी डोळे मिटले. जाड घोंघों स्वच्छ ऐकू आला. बारीक काही नाही.

"टायर!" मी निकाल दिला. "मागचे टायर पायऱ्या पायऱ्यांनी झिजलेत. बेअरिंगं चारीच्या चारी ठणठणीत. बिनघोर जा!"

"मामा, नक्की ना? लेकरं असतात गाडीत म्हणून विचारलं."

"नागेशराव, माझी पण नातवंडं हायत ती!"

विहीणबाई काहीतरी बोलणार होत्या. पण व्याह्यासमोर बोलणं बरं दिसणार नाही म्हणून असेल, गप्प बसल्या. संध्याकाळी सगळे लातूरला गेले. मी ओट्यावरून हात हलवला, अगदी रुबाबात.

* * *

चार दिवसांनी हिमायतनगरहून जनावरांचे एक डॉक्टर आले. मी गाडीत बसलो, डोळे मिटले, सांगितलं, "मागचं उजवं."

सलीमभाईनं बदललं. आमच्या लाइनीत एक रीत आहे. काढलेलं जुनं बेअरिंग नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. म्हणजे काम झाल्याची त्याची खात्री पटते. लोक ते घरी नेतात, कपाटावर ठेवतात. काही जण तर अक्कलदाढ दाखवावी तसं पाहुण्यांना दाखवतात!

डॉक्टरांच्या हाताला मात्र सारखा काहीतरी चाळा लागतो. दोन दिवसांनी ते परत आले, खोकं काउंटरवर ठेवलं, त्यातलं जुनं बेअरिंग बाहेर काढलं आणि बोटानं फिरवलं. लोण्यासारखं फिरलं! ना खरखर, ना अडक.

"शेठ," डॉक्टर म्हणाले, "जनावर मेलं म्हणून तुम्ही सांगितलं, आन् हे तर उठून चालायला लागलं. गाडीचा आवाज तसाच हाय!"

मी हसलो. म्हणालो, "हाताला चांगलंच लागतं डॉक्टरसाहेब, वजन पडलं की बोंबलतं." पण गाडी लगेच सलीमभाईकडं पाठवली.

सलीमभाईनं गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात आत स्प्रिंगवर ठेवला. बेअरिंग झिजलेलं असेल तर स्प्रिंगला थरथर लागते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ते चाक खोललं, बदललं. आवाज गेला.

तीस वर्षांत सलीमभाईनं माझी थट्टा करायची एकही संधी सोडली नाही. त्या दिवशी तो पाना पुसत दुसऱ्या गाडीकडं वळला. मला त्याचीच भीती वाटली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमभाई चहाला आला. बशीत चहा ओतता ओतता वर बघून म्हणाला, "सेठ, बेअरिंग की दुकान है। पंखे का बेअरिंग तो बदलो!"

"का? काय झालं पंख्याला?"

"बजरा ना।"

मी वर बघितलं. पंखा आपला गुमान फिरत होता.

"कुठं वाजतोय?"

सलीमभाईनं बशी खाली ठेवली. आमच्या काउंटरवर मारोती कामाला आहे, बावीस वर्षं झाली माझ्याकडं. मी त्याला विचारलं, "मारोती, पंखा वाजतोय का रे?"

"हाव. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून! मग सांगायला काय झालं होतं?"

मारोती म्हणाला, "मला वाटलं, तुमाला आवडतो म्हणून ठिवलाय."

मी स्टूल घेतला. वर चढलो. पंख्याच्या जवळ डोकं नेलं. वारा ऐकू आला. मोटारीची जाड घरघर ऐकू आली. बाकी काही नाही. खाली उभे राहून दोघं माझ्याकडं बघत होते. सलीमभाईनं हातानं दाखवलं, असं वाजतंय: कीं कीं कीं.

मी खाली उतरलो आणि त्याच स्टूलवर बसलो. पंख्याचं काही नाही हो. जाड आवाज ऐकू येतो, बारीक येत नाही, म्हणजे काय? म्हणजे टायर ऐकू येतो आणि बेअरिंग नाही! आणि मी माझ्या लेकीला, नातवंडांना सांगून बसलोय, "बिनघोर जा!"

* * *

आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा, "जावईबापू, गाडी दाखवून घ्या," संपलं. अहो, पण ज्या मशीनची चारचौघांत टर उडवली, त्याच मशीनपाशी गाडी न्या म्हणून कसं सांगायचं? तेही जावयाला! पुढच्या जन्मीसुद्धा ते ग्राफ काढून दाखवतील.

म्हणून मी अर्चनाला फोन लावला, आडवळणानं. "बाळा, काय चाललंय? गाडी कुठं नेताय का?"

"रविवारी किल्लारीला जायचंय पप्पा. यांच्या मामेबहिणीचा साखरपुडा हाय. सगळेच चाललोय, दोन पाहुणे धरून सातजण."

सातजण! माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी जीप आली. लोह्याच्या रोडला एकदा एका जीपचं बेअरिंग फुटलं होतं. चाक निघालं, जीपच्या पुढं पळत गेलं आणि ज्वारीत घुसलं. ड्रायव्हर म्हणाला होता, "माझीच गाडी मला ओव्हरटेक करून गेली!" नशीब, सगळे वाचले. हा किस्सा मी शंभर वेळा हसून सांगितलेला आहे. त्या दिवशी तो मला एकदम वेगळाच वाटायला लागला.

"बाळा," मी म्हणालो, "बसनं जा की. रविवारी गाड्या लई असतात."

"सातजण बसनं? आहेराच्या पिशव्या, लेकरं, सासूबाई?"

"नाहीतर असं करा, नागेशरावांना म्हणावं चाळीसच्या पुढं जाऊ नका. रोड खराब हाय."

"रोड तर नवीन झालाय पप्पा!"

"नव्या रोडवर तर जास्तच जपावं!"

तिकडून नागेशरावांचा आवाज आला. "मामा, फोन स्पीकरवर आहे. काही प्रॉब्लेम आहे का?"

"छे छे! सहज आपलं." मी फोन ठेवला. कपाळाला घाम. मारोतीनं न विचारता पंख्याचा वेग वाढवला. तो वाजत असणार, पण मला काय!

* * *

घरी गेलो तर जेवण जाईना. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमननं, ताट पुढं सरकवलं आणि समोर बसली. मी सगळं सांगून टाकलं: डॉक्टरांचं बेअरिंग, पंखा, सातजण.

"मला आता बारीक ऐकू येत नाही, सुमन."

ती म्हणाली, "दोन वर्षं झाली."

"काय?"

"दोन वर्षं झाली म्हटलं! कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजत न्हाई, मोबाइल वाजला तर शेजारी सांगायला येतात. तुम्हाला कळत नव्हतं व्हय?"

"मग मला सांगितलं का न्हाई?"

ती जरा हसली. "सांगून काय करू? दोन वर्षं मी तुमच्या तोंडावर तुम्हाला हळूच काहीबाही बोलून राहिले. माझं बरं चाललं होतं!"

मग एकदम तिचा चेहरा उतरला. पदर खोचून उभी राहिली. "ते जाऊ द्या. लेकरं गाडीत बसणार हायत. आताच्या आता जावईबापूंना खरं सांगा."

"सांगतो."

"कधी?"

"समोरासमोर सांगतो. फोनवर बरं दिसत न्हाई. उद्या शनिवार. सकाळच्या एसटीनं जातो."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, गिऱ्हाइकाकडं मी बघतो तसं, 'घेणार का नुसतं विचारणार' म्हणून. सकाळी उठून बेसनाचे लाडू डब्यात भरून दिले. मी दुकानातून पिशवी भरून घेतली. उचलताना खांदा कलला.

* * *

लातूरची एसटी. लोहा गेलं, अहमदपूर आलं. मी खिडकीला बसलो होतो. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला अर्चनाची वाटत होती. नागेशराव आजच कुठं निघाले असतील तर? साखरपुड्याचं सामान आणायला औशाला गेले असतील तर? फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.

अहमदपूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला एक पांढरी सात सीटची गाडी उभी. मागचं चाक काढलेलं! बाजूला एक बाई दोन लेकरं घेऊन उभी, पाठमोरी.

माझ्या तोंडून काय शब्द निघाले, देवाला ठाऊक. कंडक्टरनं दोरी ओढली. बस पुरती थांबायच्या आत मी उतरलो आणि पिशवी सांभाळत मागं पळालो. पासष्टाव्या वर्षी! बाई वळली. अर्चना नव्हती. गाडी उदगीरकडची कुणाचीतरी होती, साधं पंक्चर. त्या बाईला वाटलं, मी मदतीला आलो. तिनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "मामा, तुम्हीच आधी बसा जरा."

कंडक्टर भला माणूस. बस थांबवून होता. मी धापा टाकत चढलो. सगळी बस माझ्याकडं बघत होती. तो म्हणाला, "काका, तुमाला उतरायचं व्हतं का नुसतं बघायचं व्हतं?"

बस सुटली. पाच मिनिटांनी अर्चनाचा फोन आला. "पप्पा, अकरा मिसकॉल? मी भाकरी करत होते!"

"मी येऊन राहिलो म्हणून सांगायला केला."

"अकरा वेळा?"

* * *

लातूरला पोचलो. नागेशराव स्टँडवर घ्यायला आले होते, त्याच गाडीनं. बसताना मी 'आई तुळजाभवानी' म्हणालो आणि घरी जाईपर्यंत दाराचं हँडल सोडलं नाही. नागेशराव तीसनं चालवत होते, तरी.

दुपारचं जेवण झालं. आता सांगतो, मग सांगतो, असं चाललं होतं माझं. पहिल्यांदा तोंड उघडलं तर नागेशराव लेकराला म्हणाले, "बघ, आजोबांना नुसतं कानानं कळतं!" झालं. उघडलेलं तोंड मी लाडवानं बंद केलं.

शेवटी म्हणालो, "नागेशराव, ते टायर मला एकदा परत बघू द्या. औशाच्या रोडनं जरा चक्कर मारू."

विहीणबाई आतून तयार होऊनच बाहेर आल्या. "येताना मला गंजगोलाईच्या बाजारात न्या. आहेराचा खण राहिलाय." आणि मागं जाऊन बसल्या. पिशवी मी पायाशी घेतली.

औशाचा रोड मोकळा. ऐंशी. मी डोळे मिटले. घोंघों. टायर. त्याच्या आत काय असेल ते माझ्यासाठी मुकंच. "डावीकडं कापा," मी म्हणालो. कापली. "उजवीकडं." कापली.

"वाढला का आवाज, मामा?"

"हां… म्हणजे… थोडा."

"कोणत्या बाजूनं?"

मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. एखादं नाव घेऊन टाकलं आणि ते चुकलं तर? खरं ते चाक तसंच राहील, आणि उद्या सातजण त्याच्यावर बसतील. "आधी पंपावर हवा चेक करू," मी म्हणालो, "हवा कमी असली की आवाज फसवतो."

पंप आला. नागेशराव उतरून हवा भरणाऱ्याकडं गेले. मी समोरच्या काचेकडं बघत बसलो. आता ते परत आले की खरं सांगायचं, असं ठरवलं.

मागून माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"इवाई."

मी वळलो. विहीणबाई पुढं वाकल्या होत्या. व्याह्याला त्या 'इवाई' म्हणतात.

"माझ्याकडं तोंड करून बोला. तुमाला आवाज येतोय का?"

"येतोय की, थोडा थोडा."

"मला तर कायबी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "दोन वरसं झाली. पोराला सांगितलं न्हाई. तो लगेच मशीन आणंल कानाला. तुमी बी सांगू नका."

मी मान डोलावली.

"पर एक सांगते. या डाव्या अंगाला बसलं की माझ्या पायाखाली जातं फिरतंय. तळपायाला मुंग्या येत्यात. तिकडं उजवीकडं सरकलं की थांबतंय. नांदेडलाच सांगणार व्हते. पर तुमी डोळे मिटून असं काय बसला व्हता, की म्या म्हणलं, जाऊ दे, इवाई देवाचं नाव घेऊन राहिले!"

मागचं डावं! मी मागं सरकून त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी संकोचून पाय वर घेतले.

"हे हो काय, इवाई!"

"पाया नाही पडत, बाई. जागा बघतोय!"

त्या हसल्या. मग माझ्याकडं जरा निरखून बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "आन् तुमचं कवापासून?"

मी काचेतून बघितलं. नागेशराव येत होते. "मला या आठवड्यात कळलं," मी म्हणालो. "घरात विचारलं तर दोन वर्षं म्हणतात."

नागेशराव दार उघडून बसले. "हवा बरोबर आहे, मामा. आता?"

मी डोळे मिटले. क्षणभर थांबलो. "मागचं डावं," मी म्हणालो. "बेअरिंग. टायर पण हाय, पण बेअरिंग बी हाय. त्या दिवशी माझं चुकलं, नागेशराव. गाडी आता जवळच्या गॅरेजला, आणि वीसच्या पुढं नाही."

नागेशरावांनी माझ्याकडं बघितलं. वीसनं घेतली.

गॅरेजवाल्यानं मागची डावी बाजू जॅकवर उचलली. चाकाला वरून आणि खालून दोन हात लावले आणि हलवलं. चाक डुगडुगलं, हलणाऱ्या दातासारखं. नागेशरावांचा चेहरा पांढरा पडला. मिस्तरी उभा राहिला, कपड्याला हात पुसले आणि विचारलं, "उद्या कुठं लांब जाणार व्हता का?"

"किल्लारीला," नागेशराव म्हणाले. "सातजण."

मिस्तरीनं नुसती मान हलवली. मग म्हणाला, "पार्ट आणावा लागंल. शनिवार हाय, दुकान उघडं हाय का बघतो."

"थांबा," मी म्हणालो. "माझ्याकडं हाय."

पिशवीत हात घातला, खोक्यावरचा नंबर बघितला आणि मागचं बेअरिंग त्याच्या हातात दिलं. मिस्तरी कामाला लागला. चार बोल्ट, जुनं बाहेर, नवं आत. फिरवलं, स्प्रिंगवर हात ठेवला, अंगठा दाखवला. मी पण हात ठेवला. काही थरथर नाही. दोन दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

विहीणबाई गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. पिशवी त्यांच्या पायाशी उघडीच राहिली होती. नागेशराव ती उचलायला वाकले. वाकले ते तसेच थांबले. फिजिक्सचा माणूस. बोटानं एकेका खोक्याला शिवत गेले.

"एक… दोन… तीन," ते म्हणाले. "मामा, मागचं डावं होतं हे तुम्हाला माहीत होतं ना? मग ही बाकीची तीन कशाला?"

मी पिशवी ओढून घ्यायला वाकलो. पण विहीणबाईंनी पोराचं बोट फिरताना बघितलं होतं. खुर्चीवरूनच त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"मोजू नको. व्याह्यानं आणलेला आहेर हाय तो. आहेर मोजत नसत्यात!"